आतले लाकूड

मिशिगनमध्ये कुणाच्या परसात निळ्या ताडपत्रीखाली एखादी जुनी बोट पडलेली असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. या राज्याला चार महासरोवरांचा किनारा लाभला आहे आणि लहान तळ्यांची तर गणतीच नाही. त्यामुळे कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसानेही उमेदीच्या काळात एक बोट घेतलेली असते, आणि उमेद ओसरल्यावर ती ताडपत्रीखाली गेलेली असते. मोटार जुनी झाली तर भंगारवाला तिचे चार पैसे देतो. लाकडी होडी जुनी झाली की चुलीत जाते, नाहीतर मातीला मिळते. फायबरग्लासच्या बोटीला यांपैकी कोणतीच गती नाही. ती गंजत नाही, मातीत मिसळत नाही, धातूसारखी वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. करवतीने तुकडे करून कचऱ्याच्या खड्ड्यात पुरणे हाच बहुधा तिचा अंत्यविधी, आणि त्याचेही पैसे मालकालाच मोजावे लागतात.

२०१९ च्या पानगळीत शेजारच्या वृद्ध बाईंनी त्याला कुंपणाशी बोलावले ते याच कारणाने. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. बोट मागे अंगणात होती. तोडून नेणाऱ्यांशी बोलणे झाले होते; परंतु त्याआधी त्याला हवी आहे का, एवढे विचारावेसे त्यांना वाटले. त्याने क्षणभरही विचार न करता होकार दिला. घरी येऊन पत्नीला सांगताना मात्र त्याला बराच विचार करावा लागला.

बोट सोळा फुटांची, १९७४ सालची. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, उजव्या अंगाला बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला होता. नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बांधलेल्या प्रत्येक बोटीवर तो असावा लागतो. मोटारींच्या कारखान्यात साचे घडवणाऱ्या त्या शेजाऱ्याने ती नवी कोरी घेतली होती. तो स्वतः १९८६ साली पुण्याहून नोकरीसाठी डेट्रॉइटच्या या उपनगरात आला, तेव्हा बोलण्यातल्या अवघडलेपणावर या शेजाऱ्याने काढलेला उपाय म्हणजे ही बोट. १९८९ च्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने या तिघांना, म्हणजे नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी यांना, लेक सेंट क्लेअरवर फिरायला नेले. ह्यूरन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधले हे उथळ सरोवर. उथळ असल्यामुळेच थोड्याशा वाऱ्यानेही त्याचे पाणी आखूड, टोकदार लाटांनी खवळते. पत्नी अकोल्याची. तिने तोवर एवढे पाणी पुलावरून किंवा गाडीच्या खिडकीतूनच पाहिले होते. तिने बोटीची कड सोडली नाही, मुलीने हसणे थांबवले नाही, आणि दोन्ही घरांत त्या दिवसापासून येणे-जाणे सुरू झाले.

या प्रदेशात बोटींचा इतिहास पावलोपावली भेटतो. सेंट क्लेअर नदीकाठच्या अल्गोनॅक या गावात क्रिस-क्राफ्टच्या महॉगनीच्या झगझगीत बोटी तयार होत. त्या आज जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या गळ्यातले ताईत आहेत. त्यांचे मेळावे भरतात, त्यांना वार्निशाचे थरावर थर चढतात. दुसऱ्या दिशेला, दक्षिणेकडे तासाभराच्या अंतरावर टोलेडो. काचेच्या तंतूंचा उद्योग तिथे वाढला, आणि तिथल्याच रे ग्रीन यांनी १९४२ साली पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू यांची बोट घडवली, असे मानले जाते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत फायबरग्लासने लाकडाची जागा घेतली. साच्यातून काढली की बोट तयार, आणि सुताराची गरज नाही. या बोटींसाठी कुणी मेळावे भरवीत नाही असे नाही. पण महॉगनीच्या वाट्याला येणारा गहिवर त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. जे मरत नाही त्याची कुणी फारशी काळजी करीत नाही, हा जगाचा न्याय असावा.

परंतु ती मरत नाही, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. काचतंतूचे कवच वाकते; त्याला ताठरपणा यावा म्हणून बांधणाऱ्यांनी आत लाकूड घातलेले असते. तळाशी लांबीने जाणाऱ्या तुळया, त्यांवरची फळी, आणि इंजिनाचा भार पेलणारी ट्रान्समची भिंत, हे सारे प्लायवूड आणि सारे काचेच्या कातडीखाली बंद. कातडी शाबूत आहे तोवर ठीक. एखाद्या स्क्रूच्या बाजूने पाणी एकदा आत शिरले की त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते लाकडाच्या थरांतून केशाकर्षणाने पसरत राहते, आणि बाहेरून बोट पूर्वीइतकीच चकचकीत दिसते.

त्याचे बालपण रत्नागिरीत, मांडवीच्या जवळपास गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या वर ओढल्या जात, झापांनी शाकारल्या जात, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की सुतार येई. तळाच्या फळ्यांवर तो हातोडीने हलकेच ठोकत जाई, मान तिरकी करून ऐके, आणि एखाद्या जागी थांबून खडूची खूण करी. मग सांध्यांत कापूस ठासला जाई, तळाला माशाच्या तेलाचा हात फिरे. त्या होडीला दरवर्षी दुखणे ठरलेले आणि उपचारही ठरलेला. ती गळणार, हे नाखव्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. फायबरग्लासची बोट मात्र ‘काही करावे लागत नाही’ या आश्वासनावर विकली गेली, आणि तिच्या आतल्या लाकडाचा घात झाला तो मुख्यत्वे त्या आश्वासनाने.

नोव्हेंबरात बोट त्याच्या गॅरेजमध्ये आली. मोटारी बाहेर बर्फात गेल्या. त्याने पेचकसाच्या मुठीने ट्रान्समवर ठोकून पाहिले. वरच्या कडेला टणत्कार उमटला. खाली येत गेला तसा आवाज बसत गेला, आणि पाण्याच्या रेषेजवळ ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा झाला. पन्नास वर्षांपूर्वीचा तो सुतार त्याला त्या गॅरेजमध्ये प्रथमच नीट समजला.

हिवाळाभर त्याने तोडण्याचेच काम केले. बाहेरची कातडी राखायची, कारण तिच्यावर तो बारा अक्षरांचा क्रमांक. आतली कापून काढायची. काचेची धूळ मुखवट्यातून, हातमोज्यांतून वाट काढीत अंगाला चिकटे आणि रात्रभर खाजवीत बसे. पत्नी त्याचे कपडे वेगळे धुई. एकदा चुकून एकत्र धुतले गेले आणि दोघेही आठवडाभर खाजवीत राहिले. “अहो, या वयात लोक बागकाम करतात,” एवढेच ती म्हणे. तळाच्या फळीखाली बोट बुडू नये म्हणून भरलेला फेस निघाला. तरंगण्यासाठी भरलेला तो पदार्थ इतक्या वर्षांत इतके पाणी प्यायला होता की हातभर तुकडाही दोन्ही हातांनी उचलावा लागे. लाकूड तर चमच्याने निघत होते. त्याला पावसाळ्यात बंद राहिलेल्या माजघराचा वास येत होता.

ट्रान्समची आतली कातडी निघाली तेव्हा मार्च २०२० उजाडला होता आणि जग घरोघरी कोंडले गेले होते. त्या एप्रिलमध्ये मिशिगनमध्ये यांत्रिक बोटी पाण्यात उतरवण्यासही दोन आठवडे बंदी होती. त्याच्या बोटीला तर मागची भिंतच नव्हती. गॅरेजचे दार वर केलेले, तो आत, आणि शेजारच्या बाई बाहेर फरसबंदीवर खुर्ची टाकून अंतर राखून बसलेल्या, असा रोजचा क्रम झाला. त्या फारसे बोलत नसत. एके दिवशी त्यांनी विचारले, पाणी शिरले तरी कुठून?

त्याला उत्तर ठाऊक होते. काढलेल्या प्लायवूडवर कुजण्याचा नकाशाच उमटला होता. इंजिनाच्या बोल्टांभोवती लाकूड बऱ्यापैकी टिकले होते. कारखान्याने तिथे काळजीपूर्वक लांबी भरली होती. काळा डाग पसरला होता तो डाव्या बाजूच्या चार छिद्रांपासून, त्यातही खालच्या दोन छिद्रांपासून. ती छिद्रे कारखान्याची नव्हती. गिरमिटाने घाईघाईत पाडलेली, कडा फाटलेली, आणि आत सीलंटचा मागमूसही नाही. साचे घडवण्यात आयुष्य घालवलेल्या, केसाच्या जाडीची चूकही खपवून न घेणाऱ्या माणसाच्या हातून असे काम कसे झाले, हे कोडे त्याला आठवडाभर सुटले नव्हते. आणि हे बाईंना सांगावे की नाही, तेही ठरत नव्हते. वयाने कुजले, असे सांगून मोकळे होता आले असते. ते सर्वस्वी खोटेही नव्हते.

त्याने लाकडाचा तो तुकडा बाहेर आणून फरसबंदीवर ठेवला आणि मागे सरला.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ही शिडी. तुम्हा लोकांना प्रथम सरोवरावर नेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या बायकोला पोहता येत नाही हे त्यांना कळले. पाण्यात पडली तर ती वर चढणार कशी, म्हणून दुकान बंद होता होता जाऊन त्यांनी शिडी आणली आणि अंधार पडेपर्यंत बसवली. सीलंट संपले होते. नंतर भरीन म्हणाले. पुढे ते विसरले की नाही कोण जाणे. मी मात्र विसरले होते.

एवढे बोलून त्यांनी खुर्ची मिटली आणि त्या घरी गेल्या.

रात्री त्याने पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती जुनी साडी गुंडाळून, मुखवटा बांधून गॅरेजमध्ये आली आणि उलट्या बादलीवर बसून तिने घासकागद मागितला. कुठवर घासायचे? त्याने सांगितले की जुने रेझिन कधीच पूर्ण सुकून बसलेले असते. नवे त्याच्याशी एकजीव होत नाही, फक्त खरबरीतपणाला धरून राहते. म्हणून चकाकी जाईपर्यंत घासायचे, आणि कडा जाडीच्या बारा पट रुंद उतरती करायची. ती घासत राहिली.

उभारणी तोडण्यापेक्षा लवकर झाली. हवा पंधरा अंशांखाली गेली की त्याचे रेझिन नीट बसत नसे, म्हणून सारे काम उन्हाळ्यात आले. तुळयांसाठी त्याने लाकूड टाकून बंद छिद्रांचा कठीण फेस घेतला आणि त्यावर काचेचे थर चढवले. पांढरे कापड रेझिन पिऊन पारदर्शक होत जाते आणि रूळ फिरवल्यावर अडकलेली हवा कडेला पळते, हे दृश्य त्याला दर वेळी पाहावेसे वाटे. ट्रान्सममध्ये मात्र त्याने पुन्हा लाकूडच घातले. जाणकार मित्रांनी नावे ठेवली. लाकडाचा काही अपराध नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे होते. सागरी प्लायवूडच्या प्रत्येक कडेला इपॉक्सी पाजली. पंच्याऐंशी अश्वशक्तीचे, निळा धूर ओकणारे आणि पाण्यावर तेलाची साय सोडणारे जुने दोन-स्ट्रोक इंजिन गेले. त्या जागी साठ अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आले. वेग थोडा कमी झाला. तो कुणाला हवा होता, हाही प्रश्नच आहे. मोठा बदल बाहेरून दिसत नाही: मूळ बांधणीत तळ कायमचा बंद होता, त्याने फळीत फिरकीची तीन झाकणे बसवली. ती उघडली की खाली हात घालता येतो.

शिडीसाठी पुन्हा चार छिद्रे पाडली. आधी मोठी पाडून ती घट्ट इपॉक्सीने भरली, ती बसल्यावर त्यांच्या मधोमध बोल्टाएवढी पाडली. बोल्ट लाकडाला कुठेही शिवत नाहीत. शिडी जुनीच आहे.

जुलै २०२१ मध्ये बोट पाण्यात उतरली. बाई पुढच्या आसनावर बसल्या होत्या, रुमाल बांधून. पत्नी मागे, शिडीच्या बाजूला, आणि तिने कड धरली होती. वारा थोडा होता, त्या आखूड लाटा होत्याच. दोन तासांनी उतारावर बोट ट्रेलरवर घेतल्यावर त्याने मागचे बूच काढले आणि खाली ओंजळ धरली. ओंजळभर पाणी आले. त्याने ते टाकले, तिन्ही झाकणे एकेक करून उघडली आणि ते कुठून आले असावे हे शोधू लागला.