किल्ल्यातले पुस्तक आणि हरवलेला झेंडा

नगरला माझी अनेकदा फेरी झाली. पण किल्ला पाहायचा राहूनच जाई. तो लष्कराच्या ताब्यात, तेव्हा परवानगीचे सोपस्कार आलेच. २०२४ मध्ये गावाचे नाव अहिल्यानगर झाले, त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलीला घेऊन गेलो आणि तो योग आला.

खंदक ओलांडून आपण आत जातो. १९४२ च्या ऑगस्टात नेहरू, पटेल, मौलाना आझाद आदी पुढाऱ्यांना येथेच आणून कोंडले होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ नेहरूंनी १९४४ साली इथेच लिहिला.

“म्हणजे माणसे कोंडली, तरी पुस्तक बाहेर आलेच की, बाबा!” मुलगी म्हणाली.

मराठी शिकवणाऱ्या बापाला याहून गोड काय वाटणार? पण तटाकडे पाहताना मला एक न सुटलेला कैदी आठवला.

या नगरच्याच निजामशाहीत मालोजीराजे चाकरीला होते. त्यांच्या नातवावर, शिवबावर, कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने १९३० साली मूकपट काढला. शिवाजी झाले होते स्वतः व्ही. शांताराम. चित्रपटाचे नाव ‘स्वराज्य तोरण’. वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे! सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द कसा पचावा? नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले आणि झेंडा फडकण्याच्या शेवटालाही कात्री लागली. त्याआधी १९२१ मध्ये ‘भक्त विदुर’ आला. त्यातल्या विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी, अंगावर खादी. मद्रास आणि सिंधमध्ये त्यावर बंदी आली.

आज हे दोन्ही चित्रपट पाहायला मिळत नाहीत. जप्त झालेले पुस्तक कुणीतरी माळ्यावर लपवते, रात्री जागून हाताने उतरवून घेते. चित्रपटाच्या प्रती मोजक्या, आणि त्या काळची फिल्म तर क्षणात पेट घेणारी, नाहीतर डब्यातच कुजणारी. कात्रीतून वाचले ते काळाने आणि आपल्या हेळसांडीने नेले.

“मग शेवटी झेंडा फडकला कसा, ते आता कुणालाच दिसणार नाही?” मुलीने विचारले.

मी मान हलवली. परतीच्या एस.टी.त तिने वही काढली आणि ‘उदयकाल’ असे लिहिले. मग ते खोडून, नीट अक्षरात, ‘स्वराज्य तोरण’.