मिकीच्या गावाला जाताना

अप्रेझलचा मेल आला त्याच रात्री नवऱ्याने लॅपटॉप उघडला आणि एका कोऱ्या एक्सेल शीटला नाव दिलं, ‘डिस्ने फायनल’. फायनल कसलं डोंबल! बाबांचा पासपोर्ट नव्हता, माझी रजा मंजूर नव्हती आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जाहीर करून टाकलं होतं, “आम्ही दोघं घर सांभाळतो. तुम्ही तिघं जाऊन या. पोरांची जागा ती, आम्ही म्हातारे तिथे काय उंदीर बघायचे?”

नवऱ्याच्या डोक्यात फ्लोरिडा होतं. 1971 साली उघडलेलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, चार वेगवेगळे थीम पार्क आणि सगळा मिळून जवळपास 100 चौरस किलोमीटरचा पसारा. म्हणजे पार्क कसला, तालुकाच की! अमेरिकेचा व्हिसा, पाच जणांचं विमानभाडं आणि साडेपाच वर्षांच्या पोरीचं जेटलॅग हा हिशोब मांडल्यावर तो गप्प झाला. मग मी हाँगकाँगचं नाव काढलं. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास, घड्याळाचा फरक अडीच तासांचा.

हाँगकाँग डिस्नेलँड 12 सप्टेंबर 2005 ला सुरू झालं. लांताऊ बेटावर, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर (आपल्या नरीमन पॉइंटसारखंच). जाऊन आलेले लोक नाक मुरडतात, “छोटं आहे यार, एका दिवसात संपतं.” माझं म्हणणं असं, की आजी-आजोबा आणि लहान मूल घेऊन पहिल्यांदा निघालात तर छोटं असणं हाच त्याचा सर्वांत मोठा प्लस पॉइंट आहे. दम लागला की दहा-पंधरा मिनिटांत गेटपाशी परत येता येतं. फ्लोरिडात ती चैन नाही.

तारखांवरून घरात महाभारत झालं. शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात, पण मे मधलं हाँगकाँग म्हणजे जूनमधलं दादर स्टेशन. घाम, पाऊस, परत घाम. पुढे सप्टेंबरपर्यंत वादळांचा सीझन. एक ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, त्या आठवड्यात मेनलँडमधून माणसांचा लोंढा येतो. राहिली दिवाळी. नोव्हेंबरात तिथली हवा छान कोरडी असते, आणि चिनी नववर्षाची गर्दी अजून लांब असते. पण लक्ष्मीपूजनाला घरात दिवा कोण लावणार? झालं, भाऊबीज आटपून दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. शाळेचे तीन दिवस बुडाले, बुडू देत.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र जानेवारी 2017 पासून निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. प्रत्येक माणसाची वेगळी करायची, अगदी पोराटोरांची सुद्धा, आणि मिळालेल्या स्लिपची प्रिंट काढून सोबत ठेवायची. हे करायच्या आधी विमानाची तिकिटं काढू नका. आणि हो, एलटीएची स्वप्नं बघत असाल तर विसरा. ती सवलत देशातल्या प्रवासालाच आहे. आमच्या घरी हे बुकिंगनंतर लक्षात आलं. मी कोणाकडे बोट दाखवत नाही, पण शीट ज्याची होती त्याची होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोराची उंची मोजा. बुटांशिवाय, भिंतीला टाच लावून, प्रामाणिकपणे! आमची बाई भरली 104 सेंटिमीटर. म्हणजे 102 ची अट असलेली अंधारातली हायपरस्पेस माउंटन जमणार, पण ग्रिझली गल्चमधली खाणीची पळती गाडी नाही, तिथे 112 लागतात. टॉय स्टोरी लँडमधल्या आरसी रेसरला तर 120. हे घरीच सांगून टाकलं, दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून. रडारड तिथेच झाली आणि संपली. पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी रडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

राहता राहिल्या आई. तिकिटाचे डॉलर त्या मनातल्या मनात रुपयांत करायच्या आणि “एवढ्यात आपल्या कामवाल्या ताईंचं वर्षाचं...” असं काहीतरी पुटपुटायच्या. ज्येष्ठांचं तिकीट आपल्यापेक्षा खूप स्वस्त असतं, हे सांगून पाहिलं. ढिम्म. मग एका रात्री बाबांनी पेपर बाजूला ठेवून फेंगशुईचा विषय काढला. हे पार्क बांधताना फेंगशुईवाल्यांचा सल्ला घेतला होता, मुख्य गेट 12 अंशांनी फिरवलं, स्टेशनकडून येणाऱ्या वाटेला मुद्दाम वळण दिलं, का तर चांगली ऊर्जा सरळ समुद्रात वाहून जाऊ नये. आईंनी मटार सोलायचे थांबवले. “म्हणजे वास्तू बघून बांधलंय?” खुद्द अमेरिकन कंपनीने! हे त्यांना भारीच आवडलं.

आणि मग, तसंच मटार सोलत, खरं कारण बाहेर आलं. “अगं, माझे गुडघे. एका जागी दहा मिनिटं उभं राहवत नाही मला. तुम्ही माझ्यापायी बाकावर बसून राहाल आणि पोरीचा दिवस वाया जाईल. ती मोठेपणी काय सांगेल, आजीमुळे काही बघताच आलं नाही म्हणून?”

त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कारण शीटमध्ये 23 राइड्स होत्या, वेळेसकट. बसायची जागा एकही नव्हती.

त्या रात्री ‘डिस्ने फायनल’ची वाट लावली आणि नवीन शीट केली. आधी बसून बघायच्या गोष्टी, राइड्स नंतर. पार्कला वळसा घालणारी आगगाडी आहे, ती मेन स्ट्रीट ते फँटसीलँड अशी नेते, म्हणजे सगळी चाल वाचते. लायन किंगचा शो बंद थिएटरात असतो, जवळपास अर्धा तास निवांत बसायचं. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये होडीत बसून जगभरच्या बाहुल्या बघायच्या. जंगल रिव्हर क्रूझलाही होडीच, पण तिथे कॅन्टोनीज, इंग्रजी आणि मँडरिनच्या रांगा वेगळ्या असतात, नीट बघून उभे राहा. नाहीतर अख्ख्या जंगलाची कॉमेंट्री मँडरिनमधून ऐकाल! आणि 2013 साली सुरू झालेलं मिस्टिक मॅनर तर चुकवूच नका. इतर बहुतेक डिस्नेलँडमध्ये भुतांची हवेली असते, इथे चिनी मंडळींच्या भावना लक्षात घेऊन भुतांना फाटा दिलाय. त्याऐवजी एक खोडकर माकड एक संगीत पेटी उघडतं आणि घरातल्या पुराणवस्तू जिवंत होतात.

मुक्कामाचं म्हणाल तर रिसॉर्टमध्ये तीन हॉटेलं आहेत. महाग आहेत, पण दुपारी आजी-नात दोघींना झोपवायचं तर ती जवळीक सोन्याची. आम्ही एक रात्र तिथे आणि बाकीच्या चिम शा चुईला काढल्या. तिथून मेट्रोने लाय किंगला बदला, मग सनी बेला बदला, आणि पुढची गाडी बिनड्रायव्हरची, मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या खिडक्यांची. लेकीने तीच राइड क्रमांक एक म्हणून मोजली. जेवणाचं म्हणाल, तर चिम शा चुईतल्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय खानावळी भरपूर आहेत. शिवाय आईंच्या दशम्या आणि लसणाची चटणी होतीच. सूटकेसला तो वास अजून येतो.

व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते, हे शीटमध्ये लाल रंगात लिहिलं होतं. सकाळी विचारलं तर आई भडकल्या. “आजारी आहे का मी?” पण नवऱ्याने हट्टाने घेतलीच. मग तिच्यावर सॅक, पाण्याच्या बाटल्या आणि स्वेटर बसले. आगगाडी, लायन किंग, होडी, सगळं मस्त पार पडलं. तीन वाजता ‘वर्ल्ड ऑफ फ्रोझन’च्या वाटेवर (2023 मध्ये नवीन झालेला भाग) आई एका कठड्याला टेकल्या. चेहरा पांढराफटक. कोणी काही बोलायच्या आत बाबांनी सॅक उचलली आणि स्वतःच खुर्चीत बसले, पाय ठेवून, ऐटीत. “ढकल रे,” म्हणाले.

आईंनी दोन मिनिटं बघितलं. “उठा,” त्या म्हणाल्या. “तुमचे पाय धडधाकट आहेत. लोक काय म्हणतील?”

मग काय, लेक पुढे पळत रस्ता करत होती आणि मागून आजीची स्वारी. फ्रोझनच्या होडीत दोघी दोनदा बसल्या. खाणीच्या गाडीत आम्ही नवरा-बायको आळीपाळीने गेलो. शीटमधल्या कितीतरी गोष्टी राहिल्या, त्या मी मोजल्या नाहीत.

रात्री किल्ल्यावरचा शो बघून खुर्ची परत द्यायला गेलो. तिकीट दोन दिवसांचं होतं, आणि प्लॅनप्रमाणे दुसऱ्या दिवशी आई हॉटेलवर आराम करणार होत्या. काउंटरवरच्या मुलीला आई चक्क मराठीत म्हणाल्या, “उद्या पण हीच दे हं बाळ. हिची चाकं बरी चालतात.”