पिक्सेलची काटकसर

सेकंड लाइफसारख्या आभासी जगात भिंत, दार, पडदा, झाडाचं पान यांचे आकार बहुधा साधेच असतात. त्यांना दगडाचं, लाकडाचं किंवा कापडाचं रूप येतं ते वर चढवलेल्या चित्रामुळे, म्हणजे टेक्श्चरमुळे. म्हणून चित्र जितकं मोठं तितकी वस्तू देखणी, अशी समजूत या क्षेत्रात खोलवर रुजली आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. चित्र कुठवर लहान केलं तरी चालेल हे ओळखणं, यात या कामाचा कस लागतो. शिवाय हा शेजारधर्माचाही प्रश्न आहे, कारण मोठ्या चित्राचा भार ते करणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यांवर जास्त पडतो.

आधी हिशेब पाहू. सेकंड लाइफमध्ये १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र अपलोड केलं की ते जेपेग २००० पद्धतीने आक्रसून साठवलं जातं. त्यामुळे फाइल लहान दिसते आणि तिथेच फसगत होते. पाहणाऱ्याच्या ग्राफिक्स कार्डात ते पुन्हा उलगडतं. प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार बाइट धरले, तर त्याला ४ एमबी जागा लागते. ५१२च्या चित्राला १ एमबी, २५६च्याला पाव एमबी. बाजू निम्मी केली की भार चौथाईवर येतो. आता पडदा मोजा. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि १०२४च्या दोन चित्रांत मिळून २०,९७,१५२. कानातल्या डुलांच्या जोडीला अशी दोन चित्रं लावली, तर अख्खा पडदा भरून उरेल इतका तपशील नखाएवढ्या जागेत कोंबला जातो. तो दिसणार कुणाला?

मोठं चित्र म्हणजे जास्त तपशील, हेही दर वेळी खरं नसतं. दहा मीटर लांबीच्या भिंतीवर १०२४चं एकच चित्र ताणून बसवलं, तर मीटरमागे जेमतेम १०२ पिक्सेल येतात. त्याऐवजी कडा एकमेकींना बेमालूम जुळतील असं ५१२चं विटांचं चित्र दर दोन मीटरला पुन्हा लावलं, तर मीटरमागे २५६ पिक्सेल मिळतात आणि मेमरी लागते चौथाई. चित्र लहान, भिंत मात्र अधिक रेखीव. यावर आक्षेप येतो की तोच तो नमुना पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरतो. आक्षेप रास्त आहे, पण त्याचा इलाज कारागिराच्या हातात असतो. नजर खेचणारी एखादी काळपट वीट किंवा डाग आधीच काढून टाकायचा, एका बाजूचा जास्तीचा उजेड सारखा करायचा, मग चित्र अर्ध्याने सरकवून मधोमध आलेला सांधा बुजवायचा. या कामाला वेळ लागतो, आणि मोठं चित्र बरेचदा हा वेळ वाचवण्यासाठीच वापरलं जातं.

हल्लीच्या ग्राफिक्स कार्डांत भरपूर मेमरी असते, मग कंजुषी कशाला, असंही विचारलं जातं. पण ती मेमरी एकट्या वस्तूची नसते. गर्दीच्या ठिकाणी शेकडो वस्तूंची चित्रं तिच्यात दाटीवाटीने बसतात. सेकंड लाइफमध्ये २०२३ साली आलेल्या, पृष्ठभागावरचा प्रकाश खऱ्यासारखा दाखवणाऱ्या पीबीआर पद्धतीत तर एकाच पृष्ठभागाला रंग, उंचसखलपणा, धातू-खरखरीतपणा आणि स्वयंप्रकाश अशी चारपर्यंत चित्रं लागू शकतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दूरच्या वस्तूसाठी चित्राची लहान प्रत वापरण्याची मिपमॅप पद्धत लान्स विल्यम्स यांनी १९८३मध्येच मांडली, यंत्र ते काम करत असताना आपण डोकं का शिणवावं? कारण यंत्र अंतर आणि आकार मोजतं, अर्थ जाणत नाही. मेमरी अपुरी पडली की ते चित्रं धूसर करू लागतं, आणि त्यात दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही जाऊ शकतात. एकाच्या अवाढव्य डुलांपायी दुसऱ्याची पाटी वाचता येत नाही. चेहरा, पाटी, जवळून न्याहाळायची कलाकृती यांना मोठं चित्र जरूर द्यावं. बाकीच्या ठिकाणी हात आखडता घेतला तरच तेवढी चैन परवडते.

गेम बनवणाऱ्या स्टुडिओत टेक्श्चरसाठी किती मेमरी वापरायची हे आधीच ठरवून दिलेलं असतं. सेकंड लाइफमध्ये रहिवासीच जग घडवतात, त्यांना असं कुणी अडवत नाही. अनेक वर्षं तर ६४च्या चित्राला आणि १०२४च्या चित्राला अपलोडचे तिथल्या चलनात सारखेच १० लिंडेन डॉलर पडत. म्हणजे किमतीनेही कुणाला सावध केलं नाही. तेव्हा मर्यादा ज्याची त्यानेच घालून घ्यायला हवी. अपलोड करण्यापूर्वी चित्र निम्मं करून पाहावं, माणसं प्रत्यक्ष जिथे उभी राहतील तिथून ते तपासावं, आणि फरक दिसत नसेल तर पुन्हा निम्मं करावं. जिथे फरक दिसू लागेल, त्याच्या एक पायरी अलीकडचा आकार योग्य. आपल्या वस्तूशेजारी दुसऱ्याची वस्तूही तितकीच स्पष्ट दिसावी असं वाटणाऱ्या प्रत्येकाने एवढं करायला हवं.