पात्राची निगा

साहित्यसमीक्षेला बातमीचे वावडे असते. कलाकृतीचा आस्वाद घेऊन झाला, की तिच्याशी संबंधित माणसांचे पुढचे आयुष्य, त्यांचे आजार, त्यांचे उतारवय, त्यांचा मृत्यू या साऱ्या गोष्टी आपण ‘वाङ्मयबाह्य’ या सदरात टाकतो. त्यांची विचारपूस करीत राहणारा माणूस आपल्या लेखी आस्वादक उरत नाही. तो केवळ चाहता ठरतो. हा भेद मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आले आहे आणि ढोबळमानाने तो उपयुक्तही आहे. तथापि ‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका पाहताना आणि तिच्या चाहत्यांनी तिच्याविषयीच्या व तिच्या नटांविषयीच्या बातम्यांचा किती चिकाटीने माग ठेवला हे समजून घेताना या भेदाविषयी काही प्रश्न माझ्यासमोर उभे राहिले. ते येथे मांडावयाचे आहेत.

प्रथम मालिकेविषयी थोडे. ‘डार्क शॅडोज’ एबीसी या वाहिनीवरून २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात आठवड्याचे पाच दिवस, दुपारी, अर्धा तास प्रक्षेपित होत असे. तिचे एकूण १,२२५ भाग झाले. निर्माता डॅन कर्टिस. आगगाडीतून येणारी व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी, मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट नावाचे काल्पनिक बंदर, टेकडीवरचा कॉलिनवुड हा प्राचीन वाडा, त्यातील बंद खोल्या आणि घराण्याची न बोलली जाणारी गुपिते असा तिचा आरंभ आहे. ‘जेन एअर’पासून चालत आलेला गॉथिक कादंबरीचा हा परिचित संसार. पुढे त्यात भुते आली; आणि एप्रिल १९६७ मध्ये दागिन्यांच्या लोभाने एका भुरट्या माणसाने साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडली, तेव्हा तिच्यातून बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर बाहेर आला. योजना त्याला थोडे दिवस ठेवण्याची होती. तो जवळजवळ मालिकेच्या अखेरपर्यंत राहिला. शाळेतून धावत घरी येणारी मुले हा तिच्या प्रेक्षकवर्गाचा मोठा भाग होता.

मालिका बंद झाली. तिचे अनुसरण मात्र थांबले नाही. १९७५ मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ डार्क शॅडोज’ हे हौशी नियतकालिक निघाले, १९८३ पासून चाहत्यांचे मेळावे भरू लागले, आणि ‘शॅडोग्रॅम’ या वार्तापत्राने तर बातम्या देणे हेच आपले काम मानले. कोणता नट सध्या कोणत्या नाटकात आहे, कोणाचे पुस्तक येत आहे, कोणते केंद्र जुने भाग पुन्हा दाखवणार आहे, कोण रुग्णालयात आहे, हे टपालाने घरोघर पोहोचत राहिले. १९९१ च्या जानेवारीत एनबीसीने मालिकेची नवी आवृत्ती सुरू केली. आखाती युद्धाच्या बातम्यांच्या धामधुमीत ती सापडली आणि बारा भागांनंतर संपली. २००४ मध्ये तयार झालेल्या आणखी एका आवृत्तीचा पहिला भाग प्रक्षेपितच झाला नाही. चाहत्यांनी या आशानिराशांचीही नोंद ठेवली.

चाहत्यांकडे गंभीरपणे पाहण्याची दृष्टी अभ्यासविश्वाला आता अपरिचित नाही. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ च्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथाने चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून संहितेत घुसून तिच्यातील ऐवज आपल्या कामासाठी उचलणारा निर्माता असतो, हे ठामपणे मांडले. परंतु या मांडणीत मान मिळतो तो नव्या कथा लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, गाणी रचणाऱ्या चाहत्याला. जो काहीच निर्माण करीत नाही, केवळ बातमीची वाट पाहतो आणि ती आली की जपून ठेवतो, त्याचे काय? मला ज्याच्याविषयी लिहावयाचे आहे तो हा दुसरा चाहता.

आपल्या काव्यशास्त्रात या चाहत्याच्या विरोधी जाणारा एक सुंदर विचार आहे. नटाला ‘पात्र’ का म्हणतात, याचे अभिनवगुप्ताने दिलेले स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. पात्र म्हणजे भांडे. मद्याची चव भांड्याला कळत नाही, ती पिणाऱ्याला कळते; त्याप्रमाणे रसाचा आस्वाद नटाला नव्हे, सहृदयाला होतो. नट हे साधन. रंगभूमीवर दिसतो तो ना निव्वळ राम, ना निव्वळ अमुक नावाचा नट. व्यक्तिविशेष गळून पडतो आणि भाव साधारण होतो. या दृष्टीने पाहिले तर रस प्राशन झाल्यावर भांड्याची चौकशी करीत बसणारा प्रेक्षक रसिकतेच्या पायरीवरून खाली घसरलेला म्हणावा लागेल.

परंतु हा सिद्धान्त ज्या प्रयोगाला समोर ठेवून घडला तो प्रयोग संपतो, प्रेक्षक घरी जातो. पाच वर्षे रोज दुपारी घरात येणाऱ्या मालिकेत भांडे आणि रस यांचे नाते निराळे होते. ‘डार्क शॅडोज’च्या बाबतीत तर नटाकडे पाहण्याचे शिक्षण संहितेनेच प्रेक्षकाला दिले. १९६७ च्या नोव्हेंबरात एका प्रेतावाहनाच्या बैठकीतून व्हिक्टोरिया अकस्मात १७९५ मध्ये जाऊन पडते, आणि तेथील कॉलिन्स कुटुंबातील पूर्वज ओळखीच्याच नटांनी रंगवलेले असतात. पुढे कथा १८९७ मध्ये गेली, १८४० मध्ये गेली, ‘समांतर काळा’त गेली. प्रत्येक वेळी पात्रे बदलली, चेहरे तेच राहिले. एलिझाबेथ झालेली जोन बेनेट १७९५ मध्ये नेओमी होते; मॅगी झालेली कॅथरीन ली स्कॉट तेथे जोसेट होते. अशा रचनेत सातत्य असते ते पात्राचे नसते, नटाचे असते. कथानकाचा धागा हरवला तरी प्रेक्षक चेहऱ्याचा धागा धरून चालतो. एबीसीवर शेवटचा भाग झाल्यावर तोच धागा धरून तो नटांच्या पुढच्या आयुष्यात गेला, तर ते संहितेपासून ढळणे म्हणता येणार नाही. ते संहितेनेच लावलेल्या सवयीचे पालन होते.

दुसरी गोष्ट चुकांची. त्या काळी ध्वनिचित्रफितीचे संकलन महाग पडे. म्हणून भाग जवळजवळ सलगच चित्रित होत. मायक्रोफोनची सावली भिंतीवर पडते, नट वाक्य विसरतो, आणि ते तसेच राहते. बार्नबस झालेला जोनाथन फ्रिड हा कॅनडातील हॅमिल्टनचा, शेक्सपिअरच्या नाटकांत घडलेला नट. रोजच्या संहितेचे पाठांतर त्याला जड जाई. नजर टेलिप्रॉम्प्टरकडे वळे. ती अस्वस्थ, काहीतरी शोधणारी नजर पडद्यावर मात्र अपराधी व्हॅम्पायरची नजर होते: ज्याला आपल्या तृष्णेची लाज वाटते अशा पिशाच्चाची. बार्नबसच्या करुणेचे विश्लेषण करावयाचे तर नटाविषयीची ही ‘बाह्य’ माहिती टाळता येत नाही. आपल्याकडेही हे अपूर्व नाही. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली आणि तरीही प्रयोग झाला, ही हकीकत मराठी रसिकाने शतकभर सांगितली आहे. ती ठाऊक असलेल्याला त्या प्रयोगाचा विचार तिच्याशिवाय करता येतो काय? साधारणीकरणाच्या आड येणारी ही माहिती आस्वादाला मारक न होता त्याचाच भाग झाली आहे.

तिसरी गोष्ट जतनाची. १,२२५ भागांपैकी १२१९ क्रमांकाच्या एकाच भागाची मूळ चित्रफीत नाहीशी झाली आहे. प्रक्षेपणाच्या वेळी एका प्रेक्षकाने घरी ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. घरगुती व्हिडिओसाठी हा भाग पुन्हा उभा केला गेला तो त्या आवाजाला स्थिरचित्रांची जोड देऊन. संहिता म्हणजे काय, हा प्रश्न आपण परिषदांतून पुष्कळ चर्चिला आहे. येथे एका चाहत्याच्या टेपरेकॉर्डरने त्याचे उत्तर दिले आहे: जे कोणीतरी ठेवले तेच संहिता म्हणून उरले.

तथापि या आसक्तीची एक काळी बाजू आहे, आणि आश्चर्य असे की मालिकेला ती चाहत्यांच्या आधी समजली होती. बार्नबस खानावळीत काम करणाऱ्या मॅगीला पळवून नेतो. तिच्या चेहऱ्यात त्याला आपली मृत प्रिया जोसेट दिसते. तो तिला जोसेटचा वेश देतो, जोसेटची संगीतपेटी ऐकवतो, तिने स्वतःचे नाव विसरून जोसेट व्हावे म्हणून तिला कोंडतो. जिवंत स्त्रीला जुन्या प्रतिमेत बंद करू पाहणारा बार्नबस हा या मालिकेतील पहिला चाहता होय. ज्या नटाने वयाच्या चाळिशीत पिशाच्च रंगवले त्याने आयुष्यभर तोच लोकरी झगा पांघरून आपल्यासमोर यावे, अशी अपेक्षा धरणारा प्रेक्षक बार्नबसहून फार वेगळा नसतो. २०१२ मध्ये संपूर्ण मालिका १३१ तबकड्यांच्या रूपाने शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात विक्रीस आली. त्या खोक्याचा विनोद मला कळतो. त्यातला इशाराही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

माझे म्हणणे असे की बातमी हा या धोक्यावरचा उतारा आहे. प्रतिमा बदलत नाही. बातमी येते तीच मुळी काहीतरी बदलले म्हणून. कॅथरीन ली स्कॉट हिने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९८६ मध्ये मालिकेच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. चेटकीण अँजेलिक झालेली लारा पार्कर कादंबरीकार झाली आणि १९९८ मध्ये आपल्याच पात्राची जीवनकथा तिने लिहिली. फ्रिड एकपात्री वाचनाचे कार्यक्रम करीत हिंडला. या बातम्या वाचणाऱ्याला मॅगी ही जोसेट नाही हे वेळोवेळी नव्याने कळत होते. बार्नबसला जे कधीच कळले नाही ते कळवण्याचे काम टपालाने येणारी ती साधी पाने करीत होती. कुतूहल आणि पाळत यांतले अंतर फार नसते, हे मान्य. परंतु माणूस म्हातारा होतो आहे हे जाणून त्याची खुशाली विचारणे आणि तो म्हातारा होऊ नये असे इच्छिणे, या दोन निरनिराळ्या वृत्ती आहेत.

मी बालपणी या मालिकेची प्रेक्षक नव्हते. मी ती तबकड्यांवर पाहिली, तेव्हा बातम्यांचा मोठा भाग मृत्युवार्तांचा झालेला होता. डॉक्टर ज्युलिया झालेली ग्रेसन हॉल १९८५ मध्ये गेली, जोन बेनेट १९९० मध्ये, रॉजर झालेला लुई एडमंड्स २००१ मध्ये, डॅन कर्टिस २००६ मध्ये, विली झालेला जॉन कार्लेन २०२० मध्ये, लारा पार्कर २०२३ मध्ये. कॉलिनवुडच्या दिवाणखान्यात एलिझाबेथ, रॉजर, ज्युलिया आणि बार्नबस बोलत उभे असतात तेव्हा त्या चौकटीतील चारही माणसे आज हयात नाहीत, हे मला ठाऊक असते. भूतकथेतील ‘भूत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतात. १९६७ मधील मुलाला जे भय वाटले ते मला वाटत नाही. मला वाटते ते करुणेच्या अधिक जवळचे आहे, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचले ते बातमीच्या वाटेने.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २०१२ चे. टिम बर्टनने दिग्दर्शित केलेला ‘डार्क शॅडोज’ हा चित्रपट त्या मे महिन्यात आला. त्यातील मेजवानीच्या प्रसंगी वाड्याच्या दारातून काही पाहुणे आत येतात. फ्रिड, पार्कर, स्कॉट आणि क्वेंटिन झालेला डेव्हिड सेल्बी हे ते चौघे. दृश्य क्षणभराचे. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, एप्रिलमध्ये, फ्रिड सत्त्याऐंशीव्या वर्षी निधन पावला होता. चित्रपटाच्या आशयात या क्षणाला काहीही स्थान नाही. सर्वसामान्य प्रेक्षकाला चार वयस्क पाहुणे दिसतात. चाहत्याला मात्र जो कधी मरू शकत नव्हता तो पाहुणा म्हणून आपल्याच घराच्या उंबऱ्याशी आलेला दिसतो, आणि तो नुकताच मरण पावला आहे हेही त्याच क्षणी आठवते. हा अर्थ चित्रपटाच्या संहितेत शोधून सापडणार नाही. तो खरा नाही असे म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही.

सहृदय या संकल्पनेत आपण तन्मयतेला स्थान दिले, निगेला दिले नाही. तन्मय होण्यासाठी एक संध्याकाळ पुरते. निगेला वर्षे लागतात. रस ओसरल्यावरही भांडे पुसून ठेवणारा, त्याला कोठे तडा गेला आहे हे पाहणारा, ते फुटल्यावर कोणत्या दिवशी फुटले हे लिहून ठेवणारा हा चाहता रसिकाहून कमी प्रतीचा मानण्याचे कारण मला दिसत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या कथारूपांची समीक्षा आपल्याला करावयाची असेल, आणि आज घराघरांत चालणाऱ्या मालिका पाहता ती टाळता येणार नाही, तर या चाहत्याने ठेवलेल्या नोंदींपासून आरंभ करणे इष्ट ठरेल. त्या नटांतले फार थोडे आता उरले आहेत. त्यांच्यामागे बातम्या थांबतील तेव्हा या संहितेचे एक वाचन संपेल. आणि त्यानंतर येणाऱ्या अभ्यासकाला ते कसे होते हे सांगणारी साधने या चाहत्यांच्या कपाटांतच सापडतील.