आजोबांचा दाखला, नातवाचा पासपोर्ट

मडगावच्या बाजारात पुढच्या वेळी काजू आणि चोरीसच्या पलीकडेही जरा बघा. झेरॉक्सची दुकानं, ट्रॅव्हल एजंट, वकिलांची एका खोलीची ऑफिसं. त्यांच्या पाट्यांवर एक ओळ हमखास भेटते : 'पोर्तुगीज पासपोर्टची कामे केली जातील.' आपण मुंबई-पुण्याचे लोक लाँग वीकेंडला गोव्यात घुसतो, तेव्हा गोव्यातली आपल्याच वयाची मुलं गोव्यातून बाहेर पडायच्या रांगेत असतात. आणि त्यांचं तिकीट असतं आजोबांचा जन्मदाखला!

म्हणजे कसं? तर १९ डिसेंबर १९६१ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला. पोर्तुगालनं मात्र ते मान्य केलं नाही. भारताचं सार्वभौमत्व त्यांनी मान्य केलं ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. आणि तेव्हाही पोर्तुगीज कायद्यानं एक दार उघडं ठेवलं. गोवा, दमण, दीवमध्ये पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेला माणूस हा पोर्तुगीज नागरिकच. त्यानं लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आपला जन्म नोंदवला की झालं. मग त्याच्या मुलाची नोंद, मग नातवाची. साखळीच. पोर्तुगीज भाषा यायलाच हवी, अशी अट या वाटेवर नाही.

थोडक्यात, लिस्बनच्या लेखी हे नवं नागरिकत्व नाहीच. तुम्ही होतातच आमचे, फक्त वहीत नाव घालायचं राहून गेलं होतं, असा एकूण मामला.

'क' हरवलेले कामत

ही साखळी जुळवणं वाटतं तितकं सोपं नाहीये. ते समजून घ्यायचं तर पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये एक चक्कर मारा. सगळे जण तिथल्या पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर फोटो काढतात. तुम्ही दारांवरच्या नावांच्या पाट्या वाचा. पोर्तुगीज लेखनात त्या काळी 'के' हे अक्षर जवळपास नव्हतंच. त्यामुळे इथले कामत 'सी'नं सुरू झाले आणि रोमन लिपीत 'कामोतिम' होऊन बसले. शेणवींचं 'सिनाय' झालं, शंकरचं स्पेलिंग 'एक्स'नं सुरू झालं. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यांवर इंग्रजी स्पेलिंगं आली. आता आजोबांच्या जन्मनोंदीत एक नाव, बाबांच्या लग्नाच्या नोंदीत दुसरं आणि नातवाच्या आधार कार्डावर तिसरं! तिन्ही माणसं एकाच घरातली आहेत, हे लिस्बनमधल्या कुणा क्लार्कला पटवून द्यायचं. त्यासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडचे उतारे, प्रतिज्ञापत्रं, पोर्तुगीज भाषांतरं, शिक्के.

आणि हो, ही फक्त ख्रिश्चन गोंयकारांची गोष्ट, असा समज असेल तर तो काढून टाका. कायदा धर्म विचारत नाही, जन्म विचारतो. अर्ज करणाऱ्यांत फर्नांडिस असतात तसे नाईकही असतात. दमण-दीवच्या गुजराती घरांतून तर कित्येक जण याच वाटेनं इंग्लंडमधल्या लेस्टरला पोचले.

एक महिना आणि एक पाद्री

लिस्बनची बाजू झाली. दिल्लीची काय? आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. गोव्यापुरता या निवडीचा एक जुना अंक आहे. मार्च १९६२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढून गोंयकारांना भारतीय नागरिक ठरवलं. ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं, त्यांना तसं लेखी कळवायला मुदत दिली फक्त एका महिन्याची. फादर मोंतेरो नावाच्या एका पाद्र्यानं तसं कळवलं. पुढे राहण्याचा परवाना त्यांनी नव्यानं घेतला नाही आणि त्यांच्यावर खटला झाला. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, तोही त्यांच्या विरोधात. आपल्याच गावात राहायचं, पण परदेशी म्हणून, परवाना काढून!

आजच्या मुलांना एका महिन्याची घाई नाही. बाकी प्रश्न तोच. पोर्तुगीज झालात की मतदान गेलं, सरकारी नोकरी गेली, निवडणूक लढवणं गेलं. ओसीआय कार्ड मिळू शकतं. म्हणजे भारतात आयुष्यभर येण्या-राहण्याची सोय, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. घरची भाटं सांभाळणाऱ्या कुटुंबाला ही बारीक अक्षरातली अट फारच मोठी वाटते. शिवाय नागरिकत्व नक्की कधी जातं, लिस्बनला नोंद झाली तेव्हा की पासपोर्ट हातात आला तेव्हा, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद गाजलाय. आमदारांनाही त्याची झळ लागलीय.

लिस्बन? छे, स्विंडन!

पणजी-मडगाव कदंबाच्या शटलमध्ये शेजारी सासष्टीचा एक मुलगा बसला होता. हॉटेल मॅनेजमेंट केलेला. वडील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. मांडीवर प्लास्टिकची फाइल, त्यात आजीचा जन्मदाखला. लिस्बनला जाणार का, विचारलं तर हसला. ''लिस्बनमध्ये काय करू? पगार कमी. माझा मामा स्विंडनला आहे ना!''

खरी गोम ही. इंग्लंडमधलं स्विंडन हे गोंयकारांचं गाव होऊन बसलंय ते पोर्तुगालच्या कृपेनं. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, ब्रिटनही तेव्हा युनियनमध्ये. मग पासपोर्ट लिस्बनचा आणि नोकरी स्विंडनच्या गोदामात. २०१६ मध्ये ब्रिटननं ब्रेक्झिटच्या बाजूनं कौल दिला आणि गणित बिघडलं. २०२० संपताना मुक्त प्रवेश बंद झाला. आधीपासून राहणाऱ्यांना अर्ज करायला ३० जून २०२१ ची मुदत होती. मामा त्यात बसला, भाचा नाही. त्याच्यासाठी आता आयर्लंड किंवा जर्मनी. पासपोर्ट युनियनच्या २७ देशांत चालेल, पण मामाच्या घरी नाही.

''आजी काय म्हणते?'' मी विचारलं.

''ती म्हणते, पासपोर्टार कितेंय बरयल्लें आसूं, तूं गोंयकारूच.'' पासपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, तू गोंयकारच. मग थोडं थांबून तो म्हणाला, ''पण मतदानाच्या दिवशी घरी मी एकटाच बसणार, बाय. हे तिला अजून सांगितलेलं नाही.''

बाबुशचं घर

मडगावात उतरलात तर आबाद फारीया रस्त्यावर जा. तिथे एक जुनं घर आहे, कोश्ता कुटुंबाचं. लेखक ओर्लांदो द कोश्ता यांच्या घराण्याचं. त्यांचा मुलगा आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष आहे. घरातलं लाडाचं नाव बाबुश. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान या घरी आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये लिस्बन भेटीत आपल्या पंतप्रधानांनी त्यांच्या हातात काय ठेवलं असेल? ओसीआय कार्ड!

म्हणजे बघा. लिस्बनच्या पंतप्रधानाला पूर्वजांच्या नात्यानं भारताचं कार्ड मिळालं आणि शटलमधला मुलगा आजीच्या नात्यानं लिस्बनचा पासपोर्ट शोधतोय. दोघांच्याही हाती शेवटी तेच निळसर ओसीआय कार्ड येणार. फरक एवढाच, की कोश्तांना त्यासाठी काही सोडावं लागलं नाही.

त्या मुलाला 'देश सोडून चाललास' असं म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही. आपल्या ऑफिसातले निम्मे लोक एच-वन आणि कॅनडाच्या पीआरच्या गप्पा मारत असतात. आपल्याला डिग्री आणि पगाराची स्लिप दाखवावी लागते, त्याला आजीचा जन्म दाखवावा लागतो. पण व्हिसा संपला की आपण आपसूक परत येतो, आपलं मत आपलंच असतं. त्याला परत यायचं झालं, तर नव्यानं अर्ज करून भारतीय व्हावं लागेल. आजीनं आयुष्यात कधी अर्ज केला नव्हता. ती पोर्तुगीज राज्यात जन्मली, भारतीय झाली, आणि या सगळ्यात तिनं गाव एकदाही बदललं नाही.