फवारणीच्या पलीकडचा ड्रोन

शेतीत ड्रोन हवा, असं मी आधीही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तो कशासाठी हवा, याविषयीचं माझं मत मात्र गेल्या काही वर्षांत पार बदललं. परभणी जिल्ह्यात कृषी विस्ताराचं काम करताना गावोगावच्या बैठकांत मी जे ठासून सांगितलं, ते लक्षात ठेवणारे शेतकरी आजही भेटतात. म्हणून बदललेलं मतही त्यांच्यासमोर तितक्याच मोकळेपणाने ठेवावंसं वाटतं.

माझं आधीचं मत २०१७ च्या खरिपात घडलं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, कोंदट हवा, पाठीवर गळका पंप, अंगात साधा सदरा. आमच्याकडे पाथरी, मानवत, सेलूच्या कापूस पट्ट्यात यापेक्षा वेगळं काय होतं? तेव्हापासून मी म्हणू लागलो, की ड्रोनचं खरं काम हेच: माणसाला विषाच्या फवाऱ्यातून बाहेर काढणं. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथे ड्रोन दहा लिटरच्या आसपास भागवतो आणि एकर दहा मिनिटांत उरकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले, एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीडनाशकांना ड्रोनमधून फवारायची तात्पुरती परवानगी मिळाली, पुढे महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आली. मला सगळं योग्य वाटेवर दिसत होतं.

सेन्सरची गोष्ट निघाली की मात्र मी हात आखडता घेत असे. अवरक्त किरण टिपणारे कॅमेरे, पिकाच्या तब्येतीचे रंगीत नकाशे हे सारं द्राक्ष-डाळिंबवाल्यांना परवडणारं, असं मी म्हणायचो. दोन-तीन एकर कोरडवाहू सोयाबीनवाल्याला नकाशा देऊन काय उपयोग? त्याला टाकी, पंखे आणि नोझल पुरे. उत्पन्न आणि खर्चाचा मेळ पाहता हे म्हणणं अगदीच निराधार नव्हतं.

ते बदललं सोयाबीनच्या पिवळेपणामुळे. ऑगस्टमध्ये आमच्या भागात सोयाबीन पिवळं पडलं की शेतकरी थेट कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो आणि मिळेल ते औषध घेऊन फवारतो. पण हा पिवळेपणा एका जातीचा नसतो. पानावर हिरवे-पिवळे बेढब चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने पसरवलेला. त्यात रोगट झाडं उपटायची आणि माशी आवरायची. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलंय. तिथे फेरस सल्फेट लागतं. खालची पानं आधी पिवळी पडून रोप मलूल झालं असेल तर रान चिबडलंय. तिथे चर काढून पाणी वाटेला लावायचं. पहिल्या प्रकारात कीटकनाशकाचा उपयोग आहे, उरलेल्या दोन्हीत तो पैसा मातीत जातो. म्हणजे नुसता टाकीवाला ड्रोन दिला, तर नको असलेलं औषध आपण फक्त जास्त वेगाने आणि जास्त सुबकपणे फवारणार. हे एकदा नीट उमगल्यावर माझं जुनं उत्तर मलाच पुरेना.

ड्रोनचा कॅमेरा हे तिन्ही पिवळेपणे ओळखून देतो का? नाही, आणि ते आधीच सांगितलं पाहिजे. निरोगी पान जवळची अवरक्त किरणं भरपूर परतवतं आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं. पान आजारी पडलं की हे प्रमाण बदलतं, आणि कॅमेरा तेवढंच मोजतो. झाड त्रासात आहे हे त्याला कळतं, त्रास कशाचा हे कळत नाही. पण वीस एकरांच्या शिवारात नेमक्या कोणत्या तीन ठिकाणी जाऊन पान उलटून पाहायचं, हे तो सांगतो. चिखलातून सगळं रान पालथं घालणं कोणालाच जमत नाही. कृषी सहायकाला नाही, घरात आजारपण असलेल्या शेतकऱ्यालाही नाही. बांधावरून हिरवंगार दिसणाऱ्या सोयाबीनच्या पोटात खळगा पिवळा पडलेला असतो, तो वरून दिसतो. निदान माणसानेच करायचं, पण कुठे करायचं हे कळलं की निम्मं काम झालं.

या डोळ्याच्या अडचणी मी झाकून ठेवणार नाही. आमचा खरीप ढगांखालीच जातो. एका उड्डाणात ऊन-सावली पाच वेळा बदलली तर मापं बिघडतात. त्यासाठी उड्डाणाआधी ठरावीक राखाडी पाटीचा फोटो घ्यावा लागतो, वरून येणारा प्रकाश मोजणारा वेगळा सेन्सर लावावा लागतो. तण माजलेलं रानही नकाशात हिरवं आणि तब्येतदार दिसतं. आणि गुलाबी बोंडअळी? ती बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी कामगंध सापळा आणि डोमकळी ओळखणारी नजर याला पर्याय नाही.

दुसरी बाब नेमक्या जागेची आणि त्यासाठी लागणाऱ्या संपर्काची. तिच्याकडे तर मी लक्षच देत नव्हतो. साध्या जीपीएसची चूक काही मीटरांची असते. वाटण्या होत होत आमच्या जमिनीच्या पट्ट्या अरुंद झाल्यात, आणि परभणी, जालना, बीडमध्ये तुतीची लागवड वाढली आहे. कपाशीवरचं कीटकनाशक धुऱ्यापलीकडच्या तुतीवर उडालं, तर तो पाला खाऊन शेजाऱ्याच्या शेडमधल्या रेशीम अळ्या मरतात. फवारा सरकतो तो काही अंशी वाऱ्यामुळे. ‘ड्रोन दीदी’च्या संचात वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र दिलंय ते त्यासाठीच. पण यंत्राला आपली जागाच तीन मीटर चुकीची वाटत असेल, तर वारा पडलेला असूनही घात होतो. जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्तीचा संदेश मिळाला की हीच चूक काही सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशा केंद्रांचं जाळं उभारलं आहे. गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्याची सुरुवातही आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली. अडतं ते पुढे. हा संदेश शेतापर्यंत येतो मोबाइलच्या इंटरनेटवरून, आणि जिंतूरच्या डोंगराळ भागात गावाबाहेर पडलं की रेंज जाते.

रेंज नसेल तर काय करायचं, हे आमच्या शेतकऱ्याला आधीच ठाऊक आहे. २०२१ पासून तो ई-पीक पाहणी करतोय. शेतात उभं राहून फोटो काढायचा, तो मोबाइलमध्येच साठवायचा, घरी किंवा फाट्यावर रेंज आली की पाठवायचा. ड्रोनची रचनाही अशीच हवी. निर्णयाला लागणारी आकडेमोड यंत्रावरच व्हावी, दुरुस्तीचा संदेश धुऱ्यावर ठेवलेल्या छोट्या केंद्राकडून थेट रेडिओने मिळावा, आणि जड नकाशे नंतर गावातून पाठवावेत. सतत चालणाऱ्या इंटरनेटचा भरवसा धरून बनवलेलं यंत्र आमच्या शिवारात उभं राहणार नाही.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तूर-सोयाबीन आंतरपिकात ऑक्टोबरपर्यंत तूर छातीच्या वर जाते आणि सोयाबीन गुडघ्याशी राहतं. ड्रोनखालचा रडार पिकापासूनची उंची मोजत असतो. तुरीच्या ओळीवर आला की त्याला जमीन वर आल्यासारखी वाटते, सोयाबीनवर गेला की खाली गेल्यासारखी. तो खालीवर होत राहतो आणि फवाऱ्याची पट्टी कुठे दाट, कुठे विरळ पडते. सलग एकाच पिकाची मोठी शेतं डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या यंत्राला हे शिकवलेलं नसतं. ते इथेच, आमच्या पिकांवर शिकवावं लागेल.

शेतकऱ्याच्या मनातल्या शंकेलाही मी आता तंत्रज्ञानाचाच भाग मानतो. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री फिरणाऱ्या ड्रोनच्या चर्चेने गावं जागत होती. वर उडतंय ते कोणाचं, हे खालच्या माणसाला कळायची सोय नसेल तर भीती वाटणारच. प्रत्येक ड्रोनने आपली ओळख आणि जागा सतत कळवावी, अशा यंत्रणेची तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. ती प्रत्यक्षात सक्तीने यावी. तसंच शेताच्या नकाशाची प्रत आधी शेतकऱ्याच्या हाती पडावी. विमा नाकारायला वापरला जाणारा आणि शेतकऱ्याला न दिसणारा नकाशा मला मान्य नाही.

आता माझं म्हणणं असं आहे. ‘ड्रोन दीदी’चं उद्दिष्ट १५,००० गटांचं. तिच्या संचात टाकी आहे, बॅटऱ्या आहेत, पाण्याचा सामू मोजायचं यंत्रसुद्धा आहे. कॅमेराही आहे, पण तो खालचं दिसावं म्हणून. पिकाची तब्येत मोजणारा नाही. निदान दहा गावांमागे एका गटाला तसा कॅमेरा द्या आणि नकाशा वाचायचं शिक्षण द्या. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून ड्रोन, यंत्रमानव आणि डिजिटल शेतीवर काम केलं आहे. त्याने सोयाबीनच्या त्या तीन पिवळेपणांचे, तूर-सोयाबीनच्या उंचसखल ओळींचे, काळ्या रानात साचलेल्या पाण्याचे नमुने जमवून सगळ्यांना खुले करावेत. अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक गट नंबर घेऊन पंचनाम्याला निघतात, तेव्हा पाणी ओसरायच्या आत काढलेला नकाशा त्यांच्याही हाती असावा आणि शेतकऱ्याच्याही.

फवारणी हवीच. यवतमाळ मी विसरलेलो नाही. पण पावसाचं माप जसं सरकार मंडळामंडळात मोजतं आणि सगळ्यांना सांगतं, तसं पिकाचं माप आणि दुरुस्तीचा संदेश हीसुद्धा सार्वजनिक सोय व्हावी, एकेकट्या शेतकऱ्याच्या खिशावर ती सोडू नये. ज्या बैठकांत मी टाकी आणि नोझल पुरे म्हणालो होतो, तिथे आता हेच सांगतो: ड्रोन भाड्याने घ्याल तेव्हा एकरी दर विचाराच, पण फवारायची गरज आहे की नाही हे त्याने आधी पाहिलं का, तेही विचारा.