पान उघडलंच नाही

ॲक्सेसिबिलिटी म्हणजे शेवटच्या आठवड्यात डेव्हलपरने उरकायचं काम, असं मी बरीच वर्षं मानत आले. उघड बोलत नव्हते, एवढंच. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा ठाऊक होता. साधी अक्षरं आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा, हेही पाठ होतं. तरी माझ्या स्क्रीनवर फिकट राखाडी अक्षरं असायचीच, कारण ती मला देखणी वाटायची. हे सगळे नियम पाळले तर माझं डिझाइन सरकारी अर्जासारखं दिसेल, ही खरी भीती.

प्रोटोटाइप तर माझ्या लेखी चित्रंच. स्क्रीन काढायची, बटणावर अदृश्य चौकोन ठेवायचा, तो पुढच्या चित्राशी जोडायचा. क्लायंट क्लिक करतो, खूश होतो. रकमेच्या रकान्यात ‘५,०००’ मीच रंगवून ठेवलेले. कुणी काही टाइप करत नाही, त्यामुळे कुणाचं काही चुकतही नाही.

एका पतसंस्थेच्या ऑनलाइन व्यवहारांचं काम चालू होतं. चाचणीला आलेल्या खातेदारांमध्ये एक निवृत्त शिक्षक होते, पूर्ण अंध. मी त्यांना बोलावलं नव्हतं. संस्थेनेच पाठवलं होतं. स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले, त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. तो फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६मध्ये तो लिहायला घेतला. डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी पैसे मोजणाऱ्या मी हे फुकटचं कधी उतरवूनही घेतलं नव्हतं.

सरांनी एच दाबलं. मथळ्यांवरून उड्या मारत पान चाचपायची त्यांची रीत. ‘नो नेक्स्ट हेडिंग,’ आवाज म्हणाला. बटणं शोधायला बी दाबलं. ‘नो नेक्स्ट बटन.’ मग ई, लिहायच्या रकान्यांसाठी. पुन्हा तेच. मी त्याच स्क्रीनकडे बघत होते: ठसठशीत मथळा, गोल कडांची बटणं, ओळीत बसवलेले रकाने. त्यातलं काहीच तिथे नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा एच दाबून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, पान अजून उघडलं नाही वाटतं.”

“नेट स्लो आहे, सर,” मी म्हणाले.

मग शेजारी बसून एकेक स्क्रीन वाचून दाखवली. ते “हो, हो” म्हणत गेले. अहवालात मी त्यांच्यापुढे ‘चाचणी पूर्ण’ असं लिहिलं. थाप निदान संकोचापोटी मारली होती. अहवाल मात्र रात्री घरी बसून, डोकं ठिकाणावर असताना लिहिला.

तो लिहिताना नमुन्यासाठी जुने अहवाल उघडले होते. प्रत्येकात माझं एक लाडकं वाक्य: व्यवहार सर्वांना सहज जमला. जमणारच! ज्यांना जमला नसता त्यांना मी कधी बसवलंच नव्हतं, आणि बसवलं असतं तरी माझ्या चित्रांनी त्यांना आत येऊ दिलं नसतं. प्रोटोटाइप करायचा तोच मुळी चुका स्वस्तात दुरुस्त व्हाव्यात म्हणून. त्या स्वस्त वेळी बोलायची संधी कुणाला मिळणार, हे मी चित्र काढतानाच ठरवून टाकत होते. वर त्याला संशोधन म्हणत होते.

पुढचा प्रोटोटाइप चित्रांऐवजी कोडमध्ये करायचं ठरवलं. त्यासाठी एचटीएमएल शिकले ते टीममध्ये नव्याने लागलेल्या मुलाकडून. नवशिक्याच्या उत्साहात प्रत्येक गोष्टीला एरिआच्या, म्हणजे स्क्रीन रीडरसाठीच्या जादा सूचना चिकटवल्या, तर रकमेचा एकेक आकडा टाइप केला की यंत्र खात्यातली शिल्लक सांगायला लागलं. “ताई, हे सगळं काढा,” तो म्हणाला. “बटण आहे ना, मग कोडमध्ये बटणच लिहा. बाकीचं ब्राउझर बघतो.” खरंच बघतो. टॅबने तिथे पोचता येतं, एंटरने ते चालतं, स्क्रीन रीडर त्याचं नाव सांगतो. चूक दाखवायला नुसती लाल चौकट पुरत नाही, शब्द लागतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलं नाही, तर आपला मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाऊ शकतो. यातलं अवघड असं काहीच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

सरांना पुन्हा बोलावलं. मागच्या वेळी नेट स्लो नव्हतं, हेही सांगून टाकलं.

“ते कळलं होतं,” ते म्हणाले.

या वेळी एच, बी, ई तिन्हींना उत्तरं मिळाली. मी शाबासकीची वाट बघत होते. सर मध्येच थांबले. “रक्कम आधी विचारताय आणि पैसे कुणाला चाललेत ते नंतर सांगताय. उलट करा.”

चित्रांच्या प्रोटोटाइपमध्येही क्रम हाच होता. घेणाऱ्याचं नाव एका कोपऱ्यात, फिकट राखाडीत. डोळस खातेदारांपैकी ते किती जणांनी वाचलं होतं कोण जाणे. तक्रार एकानेही केली नव्हती.

क्रम बदलला. क्लायंटला नवा प्रोटोटाइप ‘जरा साधाच’ वाटला. तो शेरा मला अजून झोंबतो.